चप्पल कुठे काढायची? ओल्ड गोव्यात आईबरोबर एक शुक्रवार

गोव्याला मी पाचसहा वेळा तरी गेलेय आणि ओल्ड गोव्याचं ते लाल चर्च, बासिलिका ऑफ बॉम जीझस, दरवेळी 'बघितलंय', म्हणजे काय तर टूरची बस थांबते, गाईड ओरडतो वीस मिनिटं हां फक्त, सगळे पळत आत, मान वर, चांदीची पेटी दिसली न दिसली की बाहेर, ग्रुप फोटो, लिंबू सोडा, बसमध्ये हजर. कोणी विचारलं आत काय होतं तर मला धड सांगता आलं नसतं. यावेळी आईला मंगेशीला घेऊन जायचं होतं, आमचं कुलदैवत, बरीच वर्षं जाणं झालं नव्हतं. पणजीत दोन दिवस मुक्काम होताच, म्हटलं मंगेशी संध्याकाळी करू, आधी ओल्ड गोवा नीट बघू, मागे लागायला गाईड नाही.

आई म्हणाली, "चर्चमध्ये काय बघायचं असतं?" मग थोड्या वेळाने स्वतःच, "बरं चल, पण माझा गुडघा बघ आणि मग काय ते ठरव."

सप्टेंबर होता, पाऊस जाता जाता मधेच एखादी सर टाकून जात होता. टॅक्सीवाले सांगतील ते भाडं द्यायची इच्छा नव्हती म्हणून पणजीच्या कदंबा (गोव्याची एसटी) स्टँडवर गेलो, आणि तिथे मी पहिला गोंधळ घातला. काचेवर 'गोवा वेल्हा' लिहिलेली बस उभी होती, मी मोठ्या आत्मविश्वासाने आईला चढवलं, खिडकीची जागा पकडली. कंडक्टर आला, मी म्हटलं दोन ओल्ड गोवा, तो माझ्याकडे बघून हसला. ओल्ड गोवा म्हणजे पोर्तुगीजांचं वेल्हा गोवा, आणि गोवा वेल्हा हे मडगावच्या रस्त्यावरचं वेगळंच गाव, जिथे त्याच्याही आधी कदंब राजांची राजधानी होती. दोन्ही जुनेच, शब्दांची जागा बदलली की तुम्ही भलत्याच शतकात उतरता. तर उतरलो, दुसरी बस. आई पायरी उतरताना म्हणाली, "गुडघ्याचं एक चढणं-उतरणं वाया घालवलंस."

दुसरी बस बरोबर निघाली. रायबंदरचा रस्ता मला फार आवडतो, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं, आणि हा जो पाण्यातून गेलेला लांबच लांब रस्ता आहे तो १६३० च्या दशकातला, त्यावरून आपण आज कदंबा बसमध्ये बसून धक्के खात जातो. अर्ध्या तासात पोचलो. नऊ वाजले नव्हते, टूरच्या बसेस यायच्या होत्या. जायचं असेल तर ह्याच वेळेला जा, अकरानंतर जत्रा असते.

बाहेरून बघितलं की बासिलिका ऑफ बॉम जीझस इतर गोव्याच्या चर्चसारखी दिसतच नाही, बाकीची सगळी पांढरीशुभ्र आणि ही अख्खी जांभ्याच्या लाल-तपकिरी दगडात, गिलावाच नाही. आई रस्त्याच्या कडेलाच थांबून बघत बसली आणि तिचा पहिला प्रश्न, "चिऱ्याच्या भिंतीला गिलावा न करता ठेवलंय? मग पावसाचं काय करतात?" मी हसले, कारण मी आदल्या रात्री मोबाईलवर नेमकं हेच वाचलं होतं. बांधकाम १५९४ ला सुरू झालं, १६०५ मध्ये चर्च पूजेसाठी खुलं झालं आणि तेव्हा ते चुन्याच्या गिलाव्याने पांढरंच होतं. १९५० च्या दशकात पोर्तुगीजांनी जुनं रूप दाखवायचं म्हणून गिलावा खरवडून काढला आणि ते 'जुनं' रूप खरं तर कधी नव्हतंच. जांभा पाणी पितो, गोव्याचा पाऊस चार महिने, त्यामुळे भिंती झिजतायत आणि परत गिलावा करावा की नाही ह्यावर वाद चालू आहेत, कारण आता सगळ्या जगाला हे चर्च लालच माहितीये, पोस्टकार्डवर तेच. भिंतीला हात लावला तर गारठलेली ओल हाताला लागली आणि बोटाला लाल भुकटी. आई म्हणाली, "ह्याला वाद कशाला लागतो, कोकणात कुठल्याही गवंड्याला विचारा."

दर्शनी भागावरचे खांब आणि नक्षी मात्र जांभ्यात नाही, ती काळ्या बसाल्टमध्ये आहे कारण जांभ्यात बारीक काम होत नाही, आणि तो दगड आणला कुठून तर वसईहून. हे मला आधी माहीत नव्हतं. एका बाजूच्या भिंतीला बाहेरून तिरके दगडी टेकू दिलेत, उडी मारून भिंतीला धरून ठेवल्यासारखे, तेही बघा, समोरूनच फोटो काढून आत गेलं की ते दिसत नाहीत.

दारात दुसरा गोंधळ, हाही माझाच. तिकीट वगैरे काही नाही पण कपड्यांचा बोर्ड आहे, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि मी स्लीव्हलेस कुर्ती. गार्डने काही न बोलता नुसतं स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून दाखवलं. आईने पर्समधून एसी बसची शाल काढली (आई कुठेही निघाली की ती शाल असतेच, ४० डिग्रीतही) आणि माझ्यावर टाकली, चेहऱ्यावर जे काही समाधान होतं ते विचारू नका. लगेच स्वतः वाकून चपला काढायला लागली. "अगं आई, इथे चप्पल काढत नाहीत." "देवाच्या दारात?" "हो, चालते इथे." ती दोन मिनिटं तशीच उभी, एक पाय चपलेत एक बाहेर. शेवटी घातल्या पण आत गेल्यावर सगळा वेळ हलके पाय टाकत चालत होती, जसं काही झोपलेलं मूल आहे घरात.

आत सकाळची प्रार्थना संपत आली होती. अशा वेळी आपण पर्यटक म्हणून काय करायचं हे मला खरंच कधी कळत नाही, पुढे जावं तर लोक प्रार्थना करतायत, मागे उभं रहावं तर वाट अडते. आम्ही सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. समोरच्या बाकाला खाली एक गादी लावलेली फळी होती, मी आरामात त्यावर पाय ठेवले. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी हळूच माझ्या हाताला हात लावला आणि मान नाही अशी हलवली, मग स्वतः त्या फळीवर गुडघे टेकून दाखवले. म्हणजे मी जिथे लोक गुडघे टेकतात तिथे स्पोर्ट्स शूज ठेवून बसले होते. लाजच वाटली. आईने तेवढ्यात मला कोपर मारलं, "आणि मला चप्पल घालायला लावतेस."

प्रार्थना कोंकणीत होती. आईला निम्मं कळत होतं, ती कान देऊन ऐकत होती, 'आमच्या', 'देवा', 'पाप' असे शब्द आले की मान डोलवायची. मी तिला फादर स्टीफन्सचं सांगितलं, इंग्रज माणूस, १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि ख्रिस्ताची कथा चक्क मराठी ओव्यांत लिहिली, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, १६१६ मध्ये रायतूरला छापली आणि देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत. मराठी म्हणजे फुलांमधला मोगरा असं म्हणणारा तो हाच. तोही जेझुईट (ख्रिस्ती धर्मप्रसारकांचा एक संघ), आणि हे चर्चही जेझुईटांचं, म्हणजे तो ह्या छपराखाली येऊन गेलाच असणार असं आपलं मला वाटतं. आई म्हणाली, "ओव्या? मग म्हणून दाखव." मला एकही येत नव्हती.

लोक पांगल्यावर पुढे गेलो. मुख्य वेदी म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत नुसतं सोनेरी लाकूडकाम, आणि बाकी चर्च त्यामानाने साधं, रिकामं वाटेल इतकं, त्यामुळे ते सोनं अजूनच अंगावर येतं. मधे संत इग्नेशियसचा मोठा पुतळा, जेझुईट संघ काढणारा, आणि त्याच्या पायाशी छोटासा बाळ येशू. चर्च खरं तर त्या छोट्याशा बाळाच्या नावाचं. आई त्या पुतळ्यापाशी बराच वेळ होती, "एवढ्या मोठ्या घरात मालक एवढासा, बाळकृष्णासारखा."

मग उजवीकडे वळून ज्याच्यासाठी सगळं जग येतं ते, सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी, सोळाव्या शतकात गोव्यात आलेला जेझुईट धर्मप्रसारक. एव्हाना पहिली टूर बस आली होती आणि मागून तेच ते, 'बॉडी किधर है, बॉडी दिखता है क्या'. तर दिसत नाही. संगमरवराचा तीन मजली चौथरा आहे आणि त्याच्यावर खूप उंच चांदीची पेटी, बाजूने काच. चेहरा बघायचा असेल तर दर दहा वर्षांनी प्रदर्शन असतं तेव्हा पेटी खाली उतरवून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात, मागचं २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत झालं. पण मला ह्यावेळी उलटंच वाटलं, पेटीकडेच नीट बघा, देह बाजूला राहू दे. ती पेटी १६३६-३७ मध्ये गोव्यातल्याच सोनारांनी घडवली, तिच्यावर बारीक बारीक चौकटीत त्याच्या आयुष्यातले प्रसंग ठोकलेत. आणि खालचा चौथरा इटलीहून, फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोगिनी, दहा वर्षं लागली बनवायला, टस्कनीचा ड्यूक तिसरा कोसिमो द मेडिची ह्याने पाठवला, १६९८ मध्ये इथे जोडला. त्याच्या बदल्यात ड्यूकला काय मिळालं होतं तर संताच्या डोक्याखालची उशी. एक उशी द्या, संगमरवर घ्या. हा सौदा मला इतका आवडला की मी शेजारच्या अनोळखी कुटुंबालाही सांगितला.

आईला मात्र दुसरंच विचारायचं होतं. कडेच्या बाकावर बसली गुडघा चोळत आणि म्हणाली, "ह्यांच्याच लोकांमुळे मंगेशाला पळवून न्यावं लागलं ना?"

आता हे मी टाळणार होते, पण खोटं कशाला बोला. मंगेश मूळ कुठ्ठाळीचा, १५६० मध्ये भक्तांनी लिंग नदीपलीकडे नेलं, पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर, म्हणून आज तो फोंडा तालुक्यात आहे. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याबद्दल शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. झेवियर तोपर्यंत वारला होता, पण ते इथे आणा असं पोर्तुगालच्या राजाला १५४६ मध्ये पत्र लिहिलं होतं त्यानेच. हे सगळं मी तिला हळू आवाजात सांगितलं, गाईड हे सांगत नाही, त्याच्या वीस मिनिटांत बसत नाही.

आई पेटीकडे बघत राहिली. "गेला कसा हा?" म्हटलं, चीनला जायचं होतं, तिथल्या किनाऱ्याजवळ एका बेटावर बोटीची वाट बघत ताप आला, ३ डिसेंबर १५५२, वय ४६. "जवळ कोण होतं?" एक चिनी सोबती. "घरचं कोणी नाही." नाही. मग तिने पुढचं विचारलं, तो देह इथे कसा. सांगितलं, आधी तिथे पुरला, मग मलाक्का, मग १५५४ मध्ये गोवा, आणि देह कुजला नाही म्हणून गर्दी उसळली, एका बाईने पायाला ओठ लावायच्या निमित्ताने अंगठाच चावून नेला असं सांगतात, आणि १६१४ मध्ये उजव्या हाताचा भाग रोमला पाठवला तो अजून तिथेच आहे. "म्हणजे मेल्यावरही धड पडू दिलं नाही बिचाऱ्याला." असं म्हणून ती उठली आणि लांबूनच एक नमस्कार केला, आपण करतो तसा, हात जोडून, मान खाली. मंगेशाचं काय झालं ते ऐकल्यावर पाचव्या मिनिटाला. मी काही बोलले नाही, तिनेही काही खुलासा दिला नाही.

आत पोज देऊन फोटो काढू नका असा बोर्ड आहे आणि त्या बोर्डाखालीच उभं राहून लोक काढत होते, असो.

बाहेर आलो तर मेणबत्त्या विकणाऱ्या बायका. आणि मेणबत्त्यांबरोबर मेणाचे हात, पाय, छोटी बाळं, डोकं. मी हे पूर्वी पण बघितलं असणार पण टूरमध्ये कळलंच नव्हतं हे काय आहे, आईला एका सेकंदात कळलं. "नवसाचं आहे ग हे. जो अवयव दुखतो तो वाहायचा." बाई म्हणाली होय होय, सायबाक. गोव्यात त्याला 'गोंयचो सायब' म्हणतात, डिसेंबरच्या फेस्ताला सगळ्या धर्माचे लोक येतात. आई मेणाचा पाय हातात घेऊन उलटासुलटा बघायला लागली, भाजी घेताना बघते तसा, "उजवा आहे का हा? मला उजवा पाहिजे." पायाला डावा-उजवा नव्हता खरं तर, बाईने शपथेवर उजवा सांगितला. पैसे दिल्यावर बाई म्हणाली "देव बरें करूं" आणि आईने तो अगदी आशीर्वाद म्हणून घेतला, मी सांगितलं नाही की इथे थँक्यूलाही हेच म्हणतात. पाय वाहून, शेजारच्या मेणबत्त्यांच्या जागी एक मेणबत्ती लावून आलो.

रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल. हे प्रचंड आहे, बासिलिकेपेक्षा कितीतरी मोठं, १५६२ ला सुरू होऊन १६१९ ला इमारत उठली, आणि समोरून बघितलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, कारण दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये पडला तो पडलाच. उरलेल्या मनोऱ्यात 'सोन्याची घंटा' आहे, सोन्याची नाही, आवाजावरून नाव. हे कॅथेड्रल सेंट कॅथरिनच्या नावाने का, तर पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा जिंकलं तो दिवस तिच्या सणाचा होता. आत गार, शांत, आणि जवळजवळ कोणीच नाही, बस इथे पोचेपर्यंत वीस मिनिटं संपलेली असतात.

त्याच्या मागे सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च, आणि मला सगळ्यात जास्त हे आवडलं. लाकडावर रंगवलेली चित्रं, फिकट झालेली, पण खाली बघा. जमीनच थडग्यांची आहे, शिळांवर घराण्यांची चिन्हं कोरलेली, ढाली, मुकुट, पोर्तुगीज अक्षरं, लोकांच्या पायांनी गुळगुळीत झालेली. मी मधून चालत गेले, वळून बघते तर आई दारातच. "मी नाही येणार. माणसं आहेत ती खाली." म्हटलं अगं शेकडो वर्षं लोक चालतायत. "चालू देत." मग भिंतीच्या कडेकडेने, एक हात भिंतीला लावून, जिथे शिळा नाही तिथे पाय ठेवत ठेवत, त्या दुखऱ्या गुडघ्याने, पूर्ण चर्चला वळसा घालून ती वेदीपर्यंत आली. माझ्या मागून आलेली दोन कॉलेजची पोरं हे बघून आपोआप कडेला सरकली आणि तीही तशीच चालायला लागली, हे मात्र भारी होतं.

शेजारी पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे, व्हाइसरॉयांची चित्रं, आल्बुकर्कचा पुतळा, वीरगळ. आम्ही बघितलं नाही कारण शुक्रवारी बंद असतं, आणि आदल्या रात्री गिलाव्यापासून उशीपर्यंत सगळं वाचणाऱ्या मी एवढंच वाचलं नव्हतं.

शेवटी सेंट ऑगस्टीनचा बुरूज, थोडा चढ आहे, आई म्हणाली मी जमेल तिथपर्यंत येते आणि वरपर्यंत आली. इथे चर्च असं काही उरलेलंच नाही, ४६ मीटर उंच मनोऱ्याचा एक तुकडा उभा आहे जांभ्याचा, शेवाळलेला, आणि भोवती पायाच्या भिंती. १८३५ मध्ये मठ सोडला, १८४२ मध्ये छप्पर कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भागही गेला. इथली घंटा आता पणजीच्या त्या पांढऱ्या जिन्यावाल्या चर्चमध्ये वाजते, जिथे सगळे फोटो काढतात. इथेच जॉर्जियाच्या केतेवान राणीची हाडं सापडली, इराणमध्ये १६२४ ला मारली गेलेली, डीएनए तपासून खात्री केली आणि २०२१ मध्ये भारताने ती जॉर्जियाला दिली. कुठली राणी, कुठे मेली, कुठे सापडली. तेवढ्यात सर आली, आम्ही एका कमानीच्या बुंध्याशी शाल डोक्यावर धरून उभ्या राहिलो, जांभ्यावरून पाणी लाल होऊन पायाशी येत होतं, आईने चप्पल काढून हातात घेतली. आता काढ म्हटलं, इथे कोणी काही म्हणणार नाही.

मग फोंड्याच्या बसने मंगेशी. ओटी, अभिषेकाची पावती, दीपमाळेपाशी फोटो, सगळं यथासांग. बाहेर आल्यावर विचारलं काय मागितलंस. "तेच, गुडघा." अगं सकाळीच मेणाचा पाय वाहिलास ना सायबाला! "हो मग, दोघांना सांगून ठेवलंय. ज्याचं काम आधी होईल." आणि परत पणजीला जाताना बसमध्ये अर्ध्या झोपेत, "मंगेशाला नारळ कबूल केलाय. त्याला मेणबत्तीच, तिथे नारळ फोडायची सोय दिसली नाही."

गुडघा अजून दुखतोय.